काळजीची वही

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे अखेरचे दहा दिवस सुरू झाले की मोहल्ल्यातल्या शिंप्याच्या दुकानातला दिवा सहेरीपर्यंत विझत नाही. खुंटीला टांगलेल्या कुर्त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या, फळीवर न कापलेले कापड आणि सारखा वाजणारा फोन. दिवसा रोजा, रात्री तरावीहची नमाज, त्यानंतर शिलाई. अशात एखाद्या रात्री हात थरथरतात, छाती धडधडते, एकदा घेतलेले माप तीनतीनदा तपासले जाते. त्याला वाटते, आपले ईमानच कमी पडले. इबादतीच्या महिन्यात मन शांत असायला हवे, मग आपलेच असे का?

असे वाटणारा तो एकटा नसतो. सहेरीसाठी सगळ्यांच्या आधी उठणारी आणि भांडी आवरून सगळ्यांच्या नंतर टेकणारी घरची बाईही मनातून हेच विचारत असते. पण भीती वाटणे आणि श्रद्धा कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख भागात नवव्या शतकात जन्मलेले विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांची निगा या विषयावर एक ग्रंथ लिहिला. त्यात भीती, दुःख, राग आणि वसवसा, म्हणजे पुन्हा पुन्हा छळणारे विचार, यांचा त्यांनी वेगवेगळा विचार केला. मन बिघडले की शरीर बिघडते आणि शरीराचे मनाला भोगावे लागते, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा एक सल्ला तर अगदी घरगुती आहे. अडीअडचणीसाठी आपण औषधे घरात ठेवतो, तसे धीराचे विचार मन स्वस्थ असतानाच जमवून ठेवावेत.

आता सवयींकडे येऊ. पहिली सवय शिंप्याच्या हाताशीच आहे, ती म्हणजे वही. ऑर्डरी वहीत असतात म्हणून त्या डोक्यात घोळत नाहीत. काळज्या मात्र कुठे लिहिलेल्या नसतात. रोज ठरावीक वेळी, समजा असरच्या नमाजनंतर, अर्धा तास बसून मनात येईल ती काळजी लिहावी. ज्यावर काही करता येईल तिच्यापुढे ते काम लिहावे, बाकीच्या तशाच सोडाव्यात. दिवसभरात काळजीने डोके वर काढले की तिला सांगावे, तुझी वेळ असरनंतर. १९८३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हीच पद्धत शास्त्रीय रीतीने मांडली आणि आजही समुपदेशक ती शिकवतात. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही हदीस अनेकांना ठाऊक असते. वहीत काम लिहिणे म्हणजे उंट बांधणेच की.

दुसरी सवय झोपण्यापूर्वीची. जात्यावर दळून हातांना घट्टे पडलेल्या हजरत फातिमा वडिलांकडे मदतनीस मागायला गेल्या, तेव्हा प्रेषितांनी त्यांना निजताना करायचा जिक्र सांगितला. सुब्हानल्लाह ३३ वेळा, अलहम्दुलिल्लाह ३३ वेळा, अल्लाहु अकबर ३४ वेळा. हा जिक्र घाईने उरकला तर त्याचा शांत होण्यासाठी फारसा उपयोग नाही. श्वास लांब सोडत, सावकाश म्हणावा. २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या इटलीतल्या अभ्यासात ख्रिस्ती जपमाळ आणि योगमंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत मंदावल्याचे दिसले. माळ कोणाचीही असो, मणी हळूहळू सरकला की श्वासही हळू होतो. शेजारच्या घरी संध्याकाळी हरिपाठ चालतो, तिथेही हा अनुभव असेलच.

चहाचेही बोलायला हवे. दिवसाला सहा-सात कप घेणाऱ्याचा चहा पहिल्या रोजाला एकदम तुटतो आणि डोके दुखते, चिडचिड होते. मग इफ्तारनंतर सगळा हिशेब वसूल केला जातो, झोप उडते आणि दुसऱ्या दिवशी छातीत धडधड. इफ्तारनंतर एक कप पुरे, तरावीहनंतर नको. दुपारी जोहरच्या नमाजनंतर वीस मिनिटे आडवे व्हावे. कैलूला म्हणजे दुपारची डुलकी ही सुन्नतच आहे. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र थरथर, घाम आणि धडधड याला केवळ घाबरणे समजू नये. रक्तातली साखर उतरल्याचीही हीच लक्षणे आहेत. तपासावी आणि उतरली असेल तर रोजा सोडावा.

एका गोष्टीवर घरोघरी पांघरूण घातले जाते. कोणी पुन्हा पुन्हा वुजू करतो, नमाज मोडून पहिल्यापासून सुरू करतो, हात सोलवटेपर्यंत धुतो. घरचे कौतुकाने म्हणतात, किती धार्मिक! सोवळ्याच्या नावाखाली दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या आजीबाईंचेही असेच कौतुक झालेले असते. पण ते कौतुक त्या माणसाला आणखी एकटे पाडते. फिकहचा, म्हणजे इस्लामी विधीशास्त्राचा नियम असा की, नुसत्या शंकेने खात्री मोडत नाही. वुजूत अवयव धुण्याची मर्यादाही तीनदाच. त्यापुढे जाणारा वसवसा हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

उपचार सुरू असलेल्यांची चूक याहून घातक. रोजा मोडू नये म्हणून काहीजण मनाच्या गोळ्या परस्पर बंद करतात. अचानक बंद केलेल्या गोळ्यांमुळे चक्कर, बेचैनी आणि जुना त्रास दुपटीने परत येऊ शकतो. दिवसातून एकदाच घ्यायची गोळी बहुधा इफ्तार किंवा सहेरीला घेता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, तेही रमजानच्या आधी. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये, कारण अंगातले पाणी कमी झाले की ते औषध विषारी ठरू शकते. आजाऱ्याला रोजे पुढे ढकलण्याची मुभा कुरआनच्या दुसऱ्याच सूरेत आहे आणि मनाचा आजार हाही आजारच.

डॉक्टर जवळ नसेल तर सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. फोनसाठी तरावीहची वेळ बरी. घरातली बरीचशी माणसे मशिदीत गेलेली असतात, मोकळेपणी बोलता येते.