कच्च्या मडक्याची बाजू

खापरांविषयी वाचायला लागून मला वीस-बावीस वर्षे झाली. पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण नाही. संग्रहालयांतली कपाटे आणि उत्खननांचे अहवाल यांवरच शिकत गेलो. पण खापर हा भांड्याच्या गोष्टीचा शेवट असतो, आणि सुरुवात मी कधी पाहिलीच नव्हती. म्हणून गेल्या वर्षी पुण्यातल्या एका लहानशा पॉटरी स्टुडिओत आठवड्यातून तीन दिवस जाऊ लागलो.

कुंभारकाम म्हणजे चाक, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात वाडगा चाकावर जेमतेम दहा मिनिटे असतो. त्याआधी माती कणकेसारखी मळायची. आत हवा राहू नये आणि ओलावा सगळीकडे सारखा व्हावा म्हणून. मग गोळा चाकाच्या मध्यावर आणायचा, अंगठ्याने उघडायचा, भिंत वर ओढायची, तारेने कापून फळीवर ठेवायचा. पुढचे सगळे दिवस वाळण्याचे.

एका दिवसात माती चामड्यासारखी घट्ट होते. तेव्हाच बूड तासायचे आणि कपाला कान लावायचा. कप आणि कान यांचा ओलावा सारखाच हवा. पाणी निघून जाते तसे मातीचे कण जवळ येतात आणि भांडे आकसते. एक भाग जास्त आकसला की सांधा तडकतो. म्हणून भांडी प्लॅस्टिकखाली झाकून सावकाश वाळवतात. ओल्या मातीपासून पूर्ण भाजलेल्या भांड्यापर्यंत हे आकसणे साधारण १० ते १२ टक्के भरते.

माझ्या पहिल्या सुरईच्या कानापाशी केसाएवढी चीर गेली होती. ओल्या मातीने ती लिंपावी असे माझ्या मनात होते.

“काका, बादलीत टाका,” शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या.

“भाजल्यावर दिसणार नाही.”

“भाजल्यावरच दिसेल.”

त्या बादलीत मी एक गोष्ट शिकलो. अर्धवट ओला तुकडा पाण्यात टाकला तर तो तासन् तास तसाच राहतो. पूर्ण वाळलेला तुकडा मात्र काही मिनिटांत फसफसून ढासळतो. कोरड्या मातीच्या बारीक छिद्रांत पाणी वेगाने शिरते, आतली हवा बाहेर ढकलली जाते आणि कण सुटे होतात. तो गाळ प्लास्टरच्या लादीवर पसरला की दोन-तीन दिवसांत पुन्हा मळण्याजोगी माती तयार.

हे परतणे भट्टीपर्यंतच शक्य असते. उन्हात कितीही वाळवली तरी मातीच्या घडणीतच बांधलेले पाणी जात नाही. शुद्ध केओलिनमध्ये ते वजनाच्या सुमारे १४ टक्के असते. ते सुटते साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसला. त्यानंतर ती वस्तू माती राहत नाही; वर्षभर पाण्यात ठेवली तरी मऊ होत नाही. स्टुडिओत पहिली भाजणी हजार अंशांच्या आसपास होते. मग झिलईच्या द्रवात बुडवून दुसरी भाजणी साडेबाराशेच्या आसपास. तिच्यात मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रे बुजतात. आपल्या घरचा माठ कमी आचेवर भाजलेला असतो. त्याची छिद्रे उघडी राहतात, पाणी पाझरून उडते, म्हणून माठ गार. स्टुडिओतल्या ‘पक्क्या’ भांड्याला ते जमत नाही.

संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने डोकी ठोकून नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ‘कच्चे मडके’ हे उणेपणाचे नाव मानतो. स्टुडिओत बसल्यावर मला त्या शब्दाची दुसरी बाजू दिसली. कच्च्याला अजून परत मातीत जाता येते. नामदेवही त्यानंतर विसोबा खेचरांकडे गेलेच.

पक्क्याला ती सोय नाही. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तिथल्या लाल, काळ्या नक्षीच्या भांड्यांवरून एका अख्ख्या संस्कृतीला नाव मिळाले. तिचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. एवढ्या काळात त्या माणसांची घरे ढासळली, त्यांच्या मातीच्या भिंती मातीत मिसळल्या. खापर मात्र वाजवले तर आजही खणखणते.

म्हणून भट्टी भरायच्या दिवशी स्टुडिओत फारसे कोणी बोलत नाही. प्रत्येक भांडे हातात घेऊन फिरवतात, सांधा पाहतात, काही बादलीकडे जातात. माझी सुरई तशीच गेली. तिची माती पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी वाडग्यात लागली.

जोर्वे घाटाच्या भांड्यांना लांब तोटी असते. पूर्वी संग्रहालयात मी आधी नक्षी पाहायचो. आता तोटी आणि पोट जिथे जुळतात तिथे पाहतो. तो सांधा धरून राहिला आहे, म्हणजे दोन्हींचा ओलावा सारखा होईपर्यंत तिथे कोणीतरी थांबले होते.