नव्या शाळेची मंजुरी खरी की नुसती पाटी? फी भरण्याआधी हे तपासा

असोदा : सातबारा पाहिल्याशिवाय शेताचा सौदा कोणी करत नाही. शाळेचा कागद मात्र फी भरून झाल्यावर आठवतो. जळगावला लागून असलेल्या असोद्यासारख्या गावांत तर शाळेची व्हॅन थेट दारात येते.

राज्यात विनाअनुदानित नवी खासगी शाळा 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याखाली सुरू होते. संस्था प्रस्ताव देते, शिक्षण विभाग छाननी करतो, अंतिम मंजुरी राज्य शासनाची. मान्यतेविना शाळा चालवल्यास आरटीई कायद्याच्या कलम 18 नुसार 1 लाखापर्यंत दंड, नंतरही सुरू ठेवल्यास रोज 10 हजार. दंड संस्थेला होतो. वर्ष मुलाचे जाते.

म्हणून मंजुरीपत्र मागा. त्यावरचा पत्ता, माध्यम, इयत्ता जुळवा. यूडायस क्रमांक 11 अंकी असतो. जळगाव जिल्ह्याचा 2703 ने सुरू होतो.

शाळा टाळाटाळ करते? मंजुरीची फाइल सरकारी कार्यालयातही असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. शुल्क 10 रुपये, विषय एकच, मजकूर 150 शब्दांपर्यंत. उत्तराची मुदत 30 दिवस, त्यामुळे जूनची वाट न पाहता एप्रिलमध्येच अर्ज टाकलेला बरा.