पश्चात्तापाचा आकडा आणि पाठपुराव्याची जबाबदारी

लिंगपरिवर्तन शस्त्रक्रियेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: पुढे पश्चात्ताप झाला तर? असा बदल पुरता मागे फिरवता येत नाही, म्हणून प्रश्न रास्तच आहे. स्वीडनमध्ये 1960 ते 2010 या काळात कायदेशीर लिंगनोंद बदलून मिळालेल्या 681 जणांपैकी 15 जणांनी, म्हणजे 2.2 टक्क्यांनी, ती पूर्ववत करण्यासाठी अर्ज केला. ॲमस्टरडॅममधल्या विद्यापीठ रुग्णालयात 1972 ते 2015 दरम्यान आलेल्या 6,793 जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जननग्रंथी काढलेल्या पारलिंगी स्त्रियांपैकी 0.6 टक्के आणि पारलिंगी पुरुषांपैकी 0.3 टक्के जणांना पश्चात्ताप झाल्याचे त्यातून दिसले. 2021 मध्ये 27 अभ्यासांतल्या 7,928 रुग्णांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, तिथेही प्रमाण एक टक्क्याच्या आसपास निघाले.

हे आकडे फसवे आहेत, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. स्वीडनची मोजणी सरकारी अर्जांची होती; मनातल्या मनात कुढणारा माणूस अर्ज करेलच असे नाही. ॲमस्टरडॅममध्ये एक तृतीयांशाहून अधिक जण पुढे रुग्णालयाच्या संपर्कात राहिले नाहीत. शिवाय पश्चात्ताप व्यक्त व्हायला तिथे सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ गेला, म्हणजे दोन-तीन वर्षांत आटोपलेल्या पाहणीला तो दिसणारच नाही. त्यामुळे एक टक्का ही किमान मर्यादा मानणे शहाणपणाचे. मात्र संपर्क तुटलेले सगळेच पस्तावले, असे धरायलाही आधार नाही. खरे प्रमाण यापेक्षा कितीतरी पट निघाले, तरी शस्त्रक्रिया केलेल्या बहुसंख्य प्रौढांना ती हवीच होती, हा निष्कर्ष टिकतो. तो अल्पवयीनांना जसाच्या तसा लावता येत नाही. ब्रिटनमधल्या 2024 च्या कास अहवालाने मुलांवरील हार्मोन उपचारांबाबतचा पुरावा कमकुवत ठरवला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शस्त्रक्रिया झालेल्या 324 जणांच्या 2011 च्या स्वीडिश अभ्यासात मृत्यू आणि आत्महत्यांचे प्रमाण सर्वसामान्यांहून बरेच जास्त आढळले. पण ती तुलना सर्वसामान्य लोकसंख्येशी होती. शस्त्रक्रिया हवी असूनही न मिळालेल्यांशी नव्हती. त्यामुळे शस्त्रक्रिया निष्फळ ठरते, असे त्यावरून म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेने मानसिक आधाराची गरज संपत नाही, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. समर्थकांनीही दावे जपून करायला हवेत: शस्त्रक्रियेने मानसिक आरोग्य सुधारते असा दावा करणाऱ्या 2019 च्या स्वीडिश अभ्यासाला पुढच्याच वर्षी तो निष्कर्ष मागे घ्यावा लागला.

मुळात पश्चात्ताप एकाच प्रकारचा नसतो. कुणाला आपली ओळखच वेगळी असल्याचे नंतर उमगते. कुणाची ओळख पक्की असते, पण आप्तांनी तोडल्याचे दुःख पेलवत नाही. कुणाला शस्त्रक्रियेतली गुंतागुंत जाचते. पहिल्यावर उपाय आधीचे नीट समुपदेशन, दुसऱ्यावर कुटुंब आणि समाजाची साथ, तिसऱ्यावर शल्यकौशल्य. स्वीडनमध्ये पन्नास वर्षांत पश्चात्तापाचे प्रमाण घटत गेले. ते कायमचे ठरून गेलेले नाही, याचा हा पुरावा आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या नालसा निकालाने लिंगओळख मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा ठरवले. ज्याला शस्त्रक्रिया नको त्याच्यावर ती लादली जाऊ नये, हादेखील पश्चात्ताप टाळण्याचाच मार्ग आहे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या 2019 च्या कायद्यात शस्त्रक्रियेआधी आणि नंतर समुपदेशनाची तरतूद झाली. यातला ‘नंतर’ खरा व्हायला हवा. प्रत्येक रुग्णाचा किमान दहा वर्षे पाठपुरावा व्हावा आणि पस्तावलेल्यालाही त्याच दवाखान्यात विनासंकोच परतता यावे. पश्चात्ताप विरळा आहे म्हणून पस्तावलेल्यांकडे पाठ फिरवणे जितके चूक, तितकेच त्यांच्याकडे बोट दाखवून बाकीच्यांचा उपचार रोखणेही चूक आहे.