मधी पाणी कुठं हाय?

गेल्या मार्चमध्ये आम्ही सहा मित्र राजगडावरून तोरण्याला डोंगरधारेने चालत गेलो. कॉलेजात येईपर्यंत डोंगर म्हणजे गुरे चारायची जागा, एवढेच मला ठाऊक होते. लोक तो हौसेने चढतात हे नवल इथे आल्यावर समजले. पाठपिशवीत मी दोन कादंबऱ्या, पत्ते आणि चादर कोंबली. पाणी मात्र एक लिटर. सर्वांचे तसेच. 'गडावर टाकी आहेतच की!' हा आमचा हिशेब.

टाकी आहेत हे खरेच. राजगडावर पद्मावती माचीला तळे आहे, तोरण्यावरही मेंगाई देवीच्या देवळाच्या आसपास पाणी आहे. परंतु संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरल्यावर बुधला माची गाठेपर्यंतच्या सहा-सात तासांत भरवशाचे पाणी नाही. बारा वाजताच बाटल्या रिकाम्या झाल्या. एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले, दुसरा चक्कर येऊन खाली बसला. वाटेतल्या एका झापावरच्या आजींनी हंडा पुढे केला. आम्ही तो जवळजवळ संपवला! ते पाणी त्यांनी खालच्या झऱ्यावरून डोक्यावर आणलेले होते, हे मागाहून कळले. माझी आई उन्हाळ्यात तेच करते. मला मान वर करवेना.

घरी हे सांगितल्यावर अण्णा एवढेच म्हणाले, "किती न्यायचं ते मागनं. मधी पाणी कुठं हाय, ते आधी इचारावं."

सारा हिशेब त्यात आला. किलोमीटर मोजू नयेत, खात्रीच्या दोन पाणवठ्यांमधले तास मोजावेत. खात्री त्या महिन्याची हवी. जानेवारीत भरलेले टाके एप्रिलमध्ये आटलेले असू शकते, म्हणून पायथ्याच्या गावात विचारावे. साध्या चालीला ताशी अर्धा लिटर, उन्हातल्या चढाला पाऊण ते एक. सात तासांचे साडेतीन लिटर झाले. वाट चुकली तर म्हणून आणखी एक. लिटरला एक किलो, म्हणजे साडेचार किलो ओझे. (कादंबऱ्या घरी ठेवाव्यात.) निघण्यापूर्वी टाक्यापाशीच पोटभर प्यावे, खिचडीही तिथेच शिजवावी. पहाटे निघाल्यास उन्हाचे तास कमी होतात.

टाक्यातले पाणी नितळ दिसले तरी फडक्याने गाळून उकळावे. नुसत्या गाळण्याने जंतू जात नाहीत. घामाबरोबर मीठही जाते, तेव्हा नुसते पाणी ढोसणेही बरे नव्हे. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही सपाट चहाच्या चमच्याने, असे एका बाटलीत असू द्यावे.

डिसेंबरात पुन्हा त्याच वाटेने गेलो. आजी झापाबाहेरच बसल्या होत्या. "पानी पिता का रं पोरांनू?" त्यांनी विचारले. आमच्या बाटल्या निम्म्याहून अधिक भरलेल्या होत्या. आम्ही ताक मागितले.