खुनाची नोंद, खजिन्याचा हिशेब

मुंबईत १९९९ पर्यंत असलेले कॉरोनरचे पद इंग्लंडमध्ये ११९४ साली निर्माण झाले, ते मुख्यतः राजाचा महसूल राखण्यासाठी. बेडफर्डशायर या शेतीप्रधान परगण्यातील तेराव्या शतकाची कॉरोनर-दप्तरे याची साक्ष देतात. प्रेत आढळताच पाहणाऱ्याने हाकाटी करून शेजारी जमवायचे. मग कॉरोनर येऊन आसपासच्या गावांकडून चौकशी करी. जखमेची लांबी-खोली, हत्याराची किंमत, फरारी आरोपीची मालमत्ता हे सारे लॅटिनमध्ये नोंदले जाई. मालमत्ता सरकारजमा होई; आरोपी मात्र बहुधा निसटलेला असे. न्याय क्वचितच मिळाला. परंतु खजिन्याच्या या हिशेबामुळेच, एरवी इतिहासाने ज्यांची दखलही घेतली नसती, अशा शेतकरी-मजुरांची नावे आणि त्यांचा अखेरचा दिवस कागदोपत्री टिकून राहिला.