बावडा ते मेलबर्न, व्हाया सिडनी

सिडनी ते मेलबर्न गाडीनं फिरायचं, तर कसबा बावडेकराचं पहिलं काम कोल्हापूरच्या आरटीओत: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. तो फार तर वर्षभर चालतो. मूळ लायसन्सही सोबत हवंच. तिकडेही गाडी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात लवकर बसतो. ह्यूम महामार्गानं अंतर सुमारे ८८० किलोमीटर. एका दिवसात उरकेल, पण मग सुट्टी कसली? किनाऱ्याकडचा प्रिन्सेस महामार्ग धरा. हजारावर किलोमीटर, बेटमन्स बे, ईडन, लेक्स एन्ट्रन्स इथं एकेक मुक्काम. दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठाच, कांगारू नेमके तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात. गाडी मेलबर्नलाच सोडणार असाल, तर त्याचे जादा पैसे किती, हे बुकिंगआधीच विचारा.