कार्बनाचे सहसंयुजी बंध

दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी सामाईक केल्याने जो बंध निर्माण होतो, त्यास सहसंयुजी बंध म्हणतात. कार्बनाचा अणुक्रमांक ६ असून त्याच्या बाह्य कवचात ४ इलेक्ट्रॉन असतात. ते चारही गमावण्यास किंवा आणखी चार पूर्णपणे स्वतःकडे घेण्यास फार ऊर्जा लागते. म्हणून कार्बन इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो. मिथेनात चार हायड्रोजन अणूंशी भागीदारी होऊन त्याच्या बाह्य कवचात आठ इलेक्ट्रॉन होतात. ही उपपत्ती जी. एन. ल्यूइस यांनी १९१६ मध्ये मांडली.

बंधांच्या दिशा मात्र इलेक्ट्रॉनाचा शोध (१८९७) लागण्यापूर्वीच कळल्या होत्या. चारही बंध एकाच प्रतलात चौरसाच्या कोपऱ्यांकडे रोखलेले असते, तर डायक्लोरोमिथेनाचे दोन प्रकार मिळावयास हवे होते : एकात क्लोरिनाचे अणू शेजारी, तर दुसऱ्यात समोरासमोर. प्रत्यक्षात एकच प्रकार आढळतो. अशाच समघटकांच्या विचारातून व्हांट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे असे प्रतिपादिले की, हे बंध चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंकडे वळलेले असतात. १८७७ मध्ये हेरमान कोल्बे यांनी व्हांट हॉफ यांची या कल्पनेवरून अत्यंत कडवट शब्दांत हेटाळणी केली. पुढे १९०१ मध्ये रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक व्हांट हॉफ यांनाच मिळाले. अर्थात ते रासायनिक गतिकी व तर्षण दाब यांविषयीच्या कार्याबद्दल होते.

एकट्या कार्बन अणूत बाह्य कवचातील दोन इलेक्ट्रॉन एस कक्षकात जोडीने व दोन पी कक्षकांत सुटे असतात. यावरून काटकोनातील दोनच बंध अपेक्षित ठरतात. मिथेनात तर चार समान बंध व १०९° २८′ चे कोन आढळतात. लिनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये एक एस व तीन पी कक्षकांच्या संकरणाने याचा उलगडा केला. संकरण ही अणूत क्रमाने घडणारी घटना आहे, असे वर्णन पुष्कळदा केले जाते. ते ग्राह्य नाही. मिथेनाच्या बंधांतील इलेक्ट्रॉन काढून टाकण्यास लागणारी ऊर्जा मोजली असता सु. १४ व सु. २३ इलेक्ट्रॉन व्होल्ट अशी दोन भिन्न मूल्ये मिळतात. संकरण हे रेणूचा आकार समजण्याचे गणिती साधन होय.

दोन कार्बन अणू एक, दोन किंवा तीन जोड्या सामाईक करू शकतात. त्यांतील अंतर अनुक्रमे सु. १.५४, १.३४ व १.२० अँगस्ट्रॉम असते. हिऱ्यात प्रत्येक अणू चार अणूंशी बद्ध असल्याने तो अतिकठीण असतो. ग्रॅफाइटात तो एकाच थरातील तिघांशी बद्ध असतो व थर एकमेकांपासून सु. ३.३५ अँगस्ट्रॉम दूर असतात. त्यामुळे ते सहज घसरतात आणि पेन्सिलीने कागदावर रेघ उमटते.